दप्तरे आहेत, सूची कोठे आहे?

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि जुन्या सरकारी कागदपत्रांत ‘कुणबी’ अशी नोंद कोठे कोठे आहे, याचा शोध घेण्याचे काम तिच्याकडे सोपविले. पुढील काही महिन्यांत जिल्ह्याजिल्ह्यांतील कचेऱ्यांची वर्षानुवर्षे बंद असलेली कपाटे उघडली गेली. मोडी व उर्दू वाचणाऱ्या माणसांना एकाएकी मागणी आली. लक्षावधी नोंदी हाती लागल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, त्या शोधाने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. ज्या शासनाने हे कागद शंभर-दीडशे वर्षे सांभाळले, त्या शासनालाच त्यांत काय लिहिले आहे याची पुरेशी कल्पना नव्हती. कागद होते, परंतु त्यांची सूची नव्हती. म्हणून जो प्रश्न एरवी सूची चाळून सुटला असता, त्यासाठी सारी यंत्रणा कामाला लावावी लागली.

कागद जपून ठेवणे आणि कागद लोकांसाठी खुला करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी भिंती, कपाटे आणि वाळवीचे औषध लागते. दुसरीसाठी जाणकार माणसे लागतात. प्रत्येक रुमाल सोडून, त्यांतील कागद वाचून, त्याचा काळ, विषय, लिहिणारा आणि ज्याला लिहिले तो, यांची नोंद करणारी. पहिल्या कामासाठी आपल्याकडे अधूनमधून तरी पैसा मिळतो. दुसऱ्या कामासाठी तो जवळजवळ कधीच मिळत नाही, आणि मिळाला तरी तो एखाद्या शताब्दीच्या किंवा समितीच्या निमित्ताने मिळतो व निमित्त सरले की आटतो. जुन्या दप्तरांचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा प्रश्न हा आहे, आणि पुण्याच्या पेशवे दप्तराचा इतिहास पाहिला तर तो आजचा नाही हे लक्षात येते.

इनाम कमिशनचे देणे

पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि पुण्याचे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. नव्या राज्यकर्त्यांना त्या कागदांचे मोल लौकरच कळले, पण ते इतिहासासाठी नव्हे. दख्खनच्या गावोगावी इनाम जमिनी होत्या. कोणते इनाम खरे, कोणते खोटे, कोणाची सनद अस्सल आणि कोणाची बनावट, हे पेशव्यांच्या हिशेबांवरून पडताळून पाहता येणार होते. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला व्यापक अधिकार मिळाले, आणि ज्यांचा हक्क कागदोपत्री शाबीत झाला नाही त्यांच्या जमिनींवर सारा बसला. या चौकशीसाठी दप्तराची मांडणी करणे भागच होते. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पथके, पागा, शाहू दप्तर अशा विभागांत कागद लावले गेले, रुमाल बांधले गेले, याद्या झाल्या. पुढे हे दप्तर ‘एलिएनेशन ऑफिस’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ‘एलिएनेशन’ म्हणजे सरकारने साऱ्यातून सोडलेली जमीन. ज्या दप्तरात मराठ्यांच्या राज्याचे कोट्यवधी कागद होते, त्याला नाव मिळाले ते महसुलाच्या एका बाबीचे.

यातील बोध स्पष्ट आहे. त्या परक्या सरकारने सूचीसाठी पैसा खर्च केला, कारण प्रत्येक रुमालामागे त्याला महसूल दिसत होता. सूची ही ज्याला गरज असते त्याच्या सोयीची होते, आणि ज्याची गरज नसते त्याला ती बंद राहते. इतिहासाच्या अभ्यासकाला या दप्तराचे दार पुढे कित्येक वर्षे उघडले नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या काळात रावबहादुर गणेश चिमणाजी वाड यांना रोजकीर्दींतून निवडक नोंदी उतरवून घेता आल्या. त्या डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटीने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध केल्या. त्यानंतर खरा प्रयत्न झाला तो १९३० ते १९३४ या काळात. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या गोविंद सखाराम सरदेसाई यांनी, सर जदुनाथ सरकार यांच्या पाठिंब्याने, मोजक्या साहाय्यकांना हाताशी धरून पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. मुंबई सरकारने त्यासाठी पैसा दिला, आणि तो संपताच काम थांबले.

त्या ४५ खंडांचे ऋण मराठी इतिहासलेखन आजही फेडीत आहे. परंतु निवड म्हणजे सूची नव्हे. निवड करणारा आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते घेतो. आणि त्या पिढीच्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते मोहिमा, तह, वकिलांची पत्रे, दरबारचे राजकारण. गावाच्या जमाखर्चात दुष्काळाच्या वर्षी किती सूट दिली, जकात कोणत्या नाक्यावर काय दराने घेतली, बटकीला किती किमतीला विकले, कोणत्या बलुतेदाराने कशाबद्दल फिर्याद केली, असे प्रश्न विचारणारी पिढी नंतर आली. हिरोशी फुकाझावा आणि हिरोयुकी कोतानी यांच्यासारख्या जपानी अभ्यासकांनी मराठी कागदांच्या आधारे वतने, गावगाडा आणि जातिव्यवस्था यांचा जो अभ्यास केला, तो पाहिला म्हणजे या साधनांत काय काय दडले आहे याची कल्पना येते. सरदेसाई यांना निवडीची ही मर्यादा उमगली नव्हती असे नाही. त्यांनीच १९३३ मध्ये एलिएनेशन ऑफिसमधील दप्तराची इंग्रजी माहितीपुस्तिका सिद्ध केली. खंडांचे कौतुक पुष्कळ झाले. त्या पुस्तिकेला पुढे नेऊन कागदागणिक सूची करण्याचे काम मात्र कोणत्याही सरकारला तितके निकडीचे वाटले नाही.

पदरमोडीची परंपरा

सरकारी दार बंद होते तेव्हा महाराष्ट्रातील विद्वानांनी घरोघरची दप्तरे धुंडाळली. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या कागदांवर आपले उभे आयुष्य वेचले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढल्याच वर्षी, १८९८ मध्ये, विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. असे एकूण २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. राजवाडे यांच्या निधनानंतर धुळ्यास त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मेणवलीचे नाना फडणिसांचे दप्तर मिळविले आणि त्यांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे आला.

हा सारा इतिहास अभिमानाचा आहे. परंतु त्यात एक धोकाही आहे. शिक्षकाने पदरमोड करावी, फकिरी वृत्तीच्या संशोधकाने पायपीट करावी, संस्थेने वर्गणीवर जगावे, आणि समाजाने त्यांचे पुतळे उभारावेत, ही आपल्याकडे रीतच होऊन बसली. त्यागाचे गुणगान करता करता त्यागाशिवाय हे काम होऊ नये अशी व्यवस्था करणे राहून गेले. राजवाडे दर पिढीला जन्मत नाहीत. सूचीचे काम तर राजवाड्यांचे नव्हेच. ते रोज सकाळी ठरल्या वेळी कचेरीत येऊन दहा-वीस कागद चोख वाचणाऱ्या, नोंद करणाऱ्या आणि महिनाअखेर पगार घेणाऱ्या माणसांचे आहे. प्रतिभेची वाट पाहत बसण्याचे ते काम नाही. त्याला वेतनश्रेणी हवी.

एका तारखेचे मोल

हे काम सोपे आहे असा एक समज आहे. तो दूर व्हावा म्हणून एकाच बाबीचा विचार करावा. समजा, एका मोडी पत्राच्या शेवटी ‘छ १४ रमजान, सबा सितैन मया व अलफ’ असा काळ दिला आहे. सबा म्हणजे सात, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. तेव्हा हे सुहूर सन ११६७ झाले. त्यात ५९९ मिळविले की इसवी सन १७६६ येते. पण हे गणित करून थांबणारा चुकला. सुहूर सन सुरू होतो मृगाच्या सुमारास, आणि त्या वर्षीचा रमजान महिना पडला तो हिवाळ्याच्या अखेरीस. म्हणजे पत्र १७६६ चे नव्हे, फेब्रुवारी १७६७ चे आहे. ज्या पत्रात सन दिलेलाच नाही, नुसता ‘छ १४ रमजान’ आहे, तेथे मजकुरातील माणसे, मुक्काम आणि मोहीम पाहून वर्ष ठरवावे लागते. असंख्य पत्रे अशीच आहेत. वर्ष चुकले की माधवरावाच्या काळातील कागद नारायणरावाच्या काळात जातो, आणि पुढे शंभर वर्षे शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

ही विद्या सहा आठवड्यांच्या मोडी वर्गात येत नाही. लिपी ओळखणे ही केवळ पहिली पायरी. त्यानंतर फार्सी-अरबी शब्दांनी भरलेली दप्तरी भाषा, जमाखर्चाची मांडणी, वजनेमापे, नाणी, घराण्यांच्या शाखा, गावांची बदललेली नावे हे सारे अंगवळणी पडावे लागते. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर घेतलेला तरुण हे शिकतो न शिकतो तोच त्याची मुदत संपते. त्याच्याबरोबर त्याचे शिक्षणही दाराबाहेर जाते, आणि पुढचा पहिल्यापासून सुरुवात करतो.

संगणकामुळे हा प्रश्न सुटला, असे आता वारंवार सांगितले जाते. कागदांची छायाचित्रे घेऊन ती संगणकात साठविण्याचे काम अनेक ठिकाणी झाले आहे, आणि मूळ कागद हाताळावा लागू नये या दृष्टीने ते स्वागतार्हही आहे. पण छायाचित्राला नुसता क्रमांक दिला आणि त्यात काय आहे हे लिहिले नाही, तर कापडी रुमालाच्या जागी विजेवर चालणारा रुमाल आला, इतकाच त्याचा अर्थ. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि यंत्राकडून मोडी वाचून घेण्याचे प्रयोगही चालू आहेत. ते यशस्वी व्हावेत. परंतु यंत्राला शिकविण्यासाठीही आधी माणसाने बिनचूक वाचलेले हजारो कागद लागतात, आणि यंत्राने वाचलेले तपासण्यासाठी पुन्हा माणूसच लागतो. यंत्रे विकत घेण्याची तरतूद चटकन मंजूर होते, कारण ती दाखविता येतात. माणसांचा पगार उद्‍घाटनाच्या छायाचित्रात दिसत नाही.

कायदा आहे, तरतूद नाही

या बाबतीत कायद्याची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने, राष्ट्रीय अभिलेखागारात आलेले तीस वर्षांहून जुने व गोपनीय नसलेले कागद खऱ्याखुऱ्या संशोधकाला उपलब्ध करून देण्याचे बंधन घातले. महाराष्ट्रानेही २००५ मध्ये सार्वजनिक अभिलेखांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षीच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने तर एक पाऊल पुढे टाकले. त्याच्या चौथ्या कलमाच्या आरंभीच असे म्हटले आहे की, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले सर्व अभिलेख रीतसर सूचीबद्ध व निर्देशांकित करून ठेवावेत. लोक या कायद्याखाली अर्ज करतात, अपिले करतात; पण अर्जाला उत्तर देता येण्यासाठी जे आधी व्हायला हवे, त्या या कलमाकडे शासनाचे आणि नागरिकांचेही लक्ष क्वचितच जाते. कागद सापडत नाही, हे उत्तर ज्या कचेरीतून मिळते, तेथे माहिती नाकारली गेली असे कोणी म्हणत नाही. परंतु परिणाम तोच होतो.

केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञानभारतम्’ या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाची व जतनाची योजना जाहीर केली. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित अभियानाने हस्तलिखिताचा जो अर्थ घेतला होता, तो ज्ञानग्रंथांपुरता होता. महसुली कागद, फर्माने यांसारखी ऐतिहासिक कागदपत्रे त्यातून वेगळी काढली होती. वेदान्ताची पोथी त्या छत्राखाली येत होती, परगण्याचा ताळेबंद येत नव्हता. महाराष्ट्राचे वैशिष्ट्य हे की, त्याच्या भूतकाळाचा मोठा भाग पोथ्यांत नसून ताळेबंदांत, महजरांत आणि निवाडपत्रांत आहे. त्यांच्यासाठी राज्याने स्वतःच तजवीज केली पाहिजे.

ती कशी करता येते, याची उदाहरणे दूर नाहीत. गोव्याचे अभिलेखागार १५९५ मध्ये स्थापन झाले आणि दियोगु दु कौतु हा इतिहासकार त्याचा पहिला प्रमुख होता. तरीही पुढील साडेतीनशे वर्षांत साठलेल्या त्या प्रचंड सामग्रीत वाट दाखविणारा खरा मार्गदर्शक मिळाला तो पांडुरंग पिसुर्लेकर यांच्यामुळे. अभिलेखागाराचे प्रमुख म्हणून दीर्घ काळ काम करताना त्यांनी तेथील संग्रहांची पोर्तुगीज मार्गदर्शिका तयार केली. ती १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. एका पगारी अधिकाऱ्याला एकाच जागी पुरेशी वर्षे मिळाली की काय होते, याचा हा दाखला आहे. ब्रिटनमध्ये २००६ पासून राष्ट्रीय अभिलेखागार आणि धर्मादाय न्यास यांनी एकत्र येऊन केवळ सूचीकरणासाठी अनुदाने देण्याची पद्धत सुरू केली. तिचे तत्त्व साधे होते. अनुदान इमारतीसाठी नाही, समारंभासाठी नाही. एका ठरावीक संग्रहाची सूची ठरावीक मुदतीत करण्यासाठी आहे, आणि ती सूची सर्वांना पाहता आली पाहिजे.

महाराष्ट्राला हेच करता येईल. राज्याच्या अर्थसंकल्पात सूचीकरणासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे व त्यातील रक्कम दुसरीकडे वळविता येऊ नये. सरकारी दप्तरांबरोबरच संशोधन मंडळे, जुनी ग्रंथालये, नगरपालिका आणि खासगी घराणी यांच्याकडील संग्रहांनाही त्यातून साहाय्य मिळावे. अट एकच, की सूची मुद्रित किंवा संगणकावर, कोणालाही विनाशुल्क उपलब्ध व्हावी. आरंभी प्रत्येक कागदाचा हट्ट धरू नये. प्रथम रुमालवार यादी, मग पुडक्यांची, आणि जेथे मागणी व महत्त्व अधिक तेथे कागदवार, अशा पायऱ्यांनी गेले तर काही वर्षांतच संपूर्ण दप्तराचा ढोबळ नकाशा हाती येईल. मोडी, फार्सी, उर्दू, पोर्तुगीज आणि कानडी वाचणाऱ्यांची कायम पदे निर्माण करावीत. आणि दर वर्षी किती रुमालांची नोंद झाली, याचा हिशेब विधिमंडळापुढे ठेवावा.

आक्षेप आणि उत्तर

शाळांना छप्पर नाही, दवाखान्यांत औषध नाही, तेथे जुन्या कागदांवर पैसा का घालवावा, असा आक्षेप येईल. तो उडवून लावण्यासारखा नाही. परंतु शाळा आणि दवाखाना यांच्या तुलनेत येथे लागणारी रक्कम किती थोडी आहे, हेही पाहिले पाहिजे. शिवाय कागदांची गरज शासनाला पडतेच. कधी जमिनीच्या दाव्यात, कधी राज्याच्या सीमेच्या वादात, कधी आरक्षणाच्या प्रश्नात. तेव्हा घाईघाईने केलेला शोध महाग पडतो आणि त्यावर कोणाचा पुरता विश्वासही बसत नाही. शांत काळात तयार झालेली सूची हाताशी असती, तर २०२३ मधील शोध अधिक सुकर आणि अधिक निःशंक झाला असता.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. कागद खुले केले तर जुनी भांडणे उकरली जातील, कोणाच्या पूर्वजांचे काय निघेल याचा नेम नाही, असे काही जण म्हणतात. वस्तुतः बंद कागदच अधिक घातक असतो. त्याच्याविषयी कोणीही काहीही सांगू शकतो, आणि ज्याची आत ओळख आहे त्याला तो दिसतो, इतरांना नाही. सूचीने ही विषमता नाहीशी होते. चोरीलाही तिनेच आळा बसतो, कारण ज्याची नोंद नाही तो कागद होता हेच सिद्ध करता येत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने पुण्यातील नदीकाठच्या पेठांची धूळदाण केली. वाड्यांबरोबर कोणाकोणाची दप्तरे गेली याची मोजदाद कोणाकडेच नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि फायली जळाल्या, तेव्हाही नेमके काय गेले, हाच पहिला प्रश्न होता.

‘खराखुरा संशोधक’ या शब्दांचा अर्थही आता व्यापक केला पाहिजे. विद्यापीठाचे पत्र हाती असलेला पदवीधरच तेवढा संशोधक, ही कल्पना जुनी झाली. आपल्या गावाचा इतिहास लिहू पाहणारा शिक्षक, आजोबांच्या जमिनीचा फेरफार शोधणारी शेतकऱ्याची मुलगी, आपल्या समाजाच्या जुन्या हक्कांची चौकशी करणारा विद्यार्थी, हेही तितकेच खरे आहेत. त्यांना वाचनकक्षात बसण्याची जागा, परवडेल अशा दरात नक्कल, आणि कोणता रुमाल मागावा हे सांगणारी सूची, इतके मिळाले की पुरे. सूची नसेल तर ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच कागद मिळतो. नवख्याला कारकुनाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते, आणि त्या कारकुनालाही बहुधा ठाऊक नसते.

इनाम कमिशनने पेशव्यांचे दप्तर लावले ते रयतेकडून काय घेता येईल हे पाहण्यासाठी. स्वतंत्र देशातील लोकनियुक्त सरकारने ते पुन्हा लावावे, ते रयतेला तिचे काय आहे हे दाखविण्यासाठी. त्यासाठी नवा कायदा नको, नवी समिती नको. अर्थसंकल्पात एक ओळ हवी, आणि ती पुढील वर्षीही पुसली जाणार नाही अशी हमी हवी.